गडग्यावरच्या काळ्या थराच्या आत काय चाललेलं असतं

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की आमच्या घरामागचा चिऱ्याचा गडगा एका दिवसात वेगळा दिसायला लागतो. दिवाळीपासून मे संपेपर्यंत त्याच्यावर काळा, कोरडा, नखाने खरवडला तर पूड होऊन पडणारा थर असतो, आणि पाणी पडलं की तोच थर फुगतो, मऊ होतो, बोट लावलं तर बुळबुळीत लागतो, आणि उजेडात नीट बघितला तर काळा नाहीच, गर्द निळसर हिरवा. पाखाडीवर पाय घसरला की आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यातही हे असतात, कातळावर पावसात काळपट जेलीसारखे गोळे येतात तेही यांचेच भाऊबंद. नाव सायनोबॅक्टेरिया. पूर्वी पुस्तकात नील-हरित शेवाळ लिहायचे, पण हे शेवाळ नाही, बॅक्टेरिया आहेत, फक्त उन्हावर जगणारे, आणि पाणी फोडून हवेत ऑक्सिजन सोडणं हे पृथ्वीवर पहिल्यांदा यांच्या घराण्यानेच केलं. साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्यामुळे.

माझी भाची यंदा अकरावीला आहे. ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, इथे दोन गोल काढलेत, एकात लिहिलंय फोटोसिस्टीम दोन, दुसऱ्यात फोटोसिस्टीम एक, मधे बाण, पण खरं ते दिसतं कसं? मला हा प्रश्न फार आवडला, कारण सगळी मजा त्या "दिसतं कसं" मधेच आहे, आणि गोल काढून नेमकी तीच झाकली जाते. फोटोसिस्टीम म्हणजे उजेडाच्या जोरावर इलेक्ट्रॉन हलवणारा, प्रोटीन आणि क्लोरोफिल मिळून झालेला गट. म्हणून हे लिहितेय.

आधी एक प्रयोग, जो आम्ही घरी केला आणि तुम्हीही करा. मेडिकलमधे स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात, स्पिरुलिना म्हणजे वाळवलेले सायनोबॅक्टेरियाच. दोन गोळ्या कुटून अर्ध्या पेल्याएवढ्या थंड पाण्यात टाकल्या, रात्रभर फ्रीजमधे ठेवल्या आणि सकाळी पंच्याच्या दुहेरी कापडातून हलक्या हाताने गाळलं. गोळी गर्द हिरवी आणि खाली उतरलं ते पाणी मात्र निळं, अगदी गोकर्णीच्या फुलाच्या पाण्यासारखं! पेला काळ्या कपड्यासमोर धरून बाजूने मोबाईलचा टॉर्च मारला तर त्याच निळ्या पाण्यात लाल झाक चमकते. हिरवा रंग कुठे गेला तर तो कापडावर राहिला, कारण क्लोरोफिल पाण्यात उतरत नाही. मग त्यातलं थोडं निळं पाणी वाटीत घेऊन गॅसवर चांगलं गरम केलं, आणि बघता बघता निळा रंग फिका पडत गेला, लाल झाक तर पार गेली.

आता यात घडलं काय, तर रंगाचा रेणू उष्णतेने जळालेला नाही, तो तसाच तिथे आहे, पण तो ज्या प्रोटीनच्या खोबणीत ताणून बसवलेला होता त्या प्रोटीनची घडी उकलली. खोबण गेली, रेणू सैल पडला, वेडावाकडा झाला, आणि त्याचा रंगही गेला नि चमकही गेली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की प्रकाशसंश्लेषणात रंगद्रव्य जितकं महत्त्वाचं तितकीच, किंबहुना जास्त, त्याची बैठक महत्त्वाची. कोण कुणाच्या शेजारी बसलाय, किती अंतरावर, कुठल्या कोनात, यावर सगळं चालतं, आणि ही बैठक प्रोटीन ठरवतं.

ते निळं जे पाण्यात उतरलं त्याचं नाव फायकोसायनिन. आणि ते इतक्या सहज सुटून का आलं याचं उत्तर रचनेतच आहे. सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत आत पातळ पापुद्रे असतात, एकावर एक, पापुद्र्याच्या खाजासारखे म्हणा, त्यांना थायलाकॉइड म्हणतात. फोटोसिस्टीम या पापुद्र्यात आरपार रुतलेल्या असतात, पापुद्रा तेलकट असतो, म्हणून त्या पाण्यात सुटत नाहीत. पण उजेड गोळा करणारी मोठी यंत्रणा, फायकोबिलिसोम, ही पापुद्र्याच्या बाहेर, वरती बसलेली असते, पाण्याच्या बाजूला. पेशी फुटली की ती विरघळून येते. निळं पाणी म्हणजे तीच.

हिचा आकार बघण्यासारखा आहे. मालवणी वडे असतात ना, मधे भोक पाडलेले, तशी प्रोटीनची चकती समजा. तीन सारखे तुकडे गोल जुळून एक चकती, दोन चकत्या तोंडाला तोंड लावून एक जाड वडा, हा साधारण 11 नॅनोमीटर रुंद आणि 6 नॅनोमीटर जाड (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). असे वडे एकावर एक रचून दांडा होतो, आणि मधल्या भोकातून एक वेगळं प्रोटीन जातं जे दांडा जोडून धरतं, कुठला वडा कुठे बसायचा तेही तेच ठरवतं. मग पापुद्र्याला चिकटून गाभा, तो म्हणजे तीन ओंडके, दोन खाली एक त्यांच्यावर, जसे आपण लाकडं रचतो तसे, आणि त्या गाभ्यातून असे सहा दांडे पंख्यासारखे पसरलेले. लॅबमधे फार वापरला जातो तो सिनेकोसिस्टिस नावाचा सायनोबॅक्टेरिया, त्याच्यात हा असा असतो. इतरांच्यात दांड्यांची नि ओंडक्यांची संख्या वेगळी असू शकते.

हा पंखा कशाला हवा? क्लोरोफिल निळा उजेड घेतं, लाल घेतं, हिरवा बराचसा सोडून देतं. आता सावलीत, पाण्याखाली, दुसऱ्या शेवाळाच्या थराखाली जो उजेड उरतो तो नेमका हिरवट-पिवळट, म्हणजे वरच्यांनी टाकलेला. तो उचलायला हे पंखे. काही जातींच्यात दांड्याच्या टोकाला गुलाबी-लाल फायकोएरिथ्रिन असतं, ते साधारण 560 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा हिरवट उजेड पकडतं (लहर जितकी लांब तितकी ऊर्जा कमी), आतल्या बाजूला फायकोसायनिन, ते 620 च्या आसपास, गाभ्यात अ‍ॅलोफायकोसायनिन, ते 650, आणि शेवटी खाली क्लोरोफिल, ते 680. टोकाकडून आत येताना ऊर्जा पायरीपायरीने थोडी थोडी उतरत जाते. आगरात पाट काढताना आपण जो बेताचा उतार ठेवतो तसा हा उतार आहे, फार दिला तर पाणी फुकट धावतं, नाही दिला तर पाणी मधेच तुंबतं. हा सगळा प्रवास सेकंदाच्या एक अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतो आणि वाटेत गळती फार थोडी. मघाशी पेल्यातल्या पाण्यात लाल झाक दिसली ती का, तर तिथे पाट तुटलेला होता, ऊर्जा घ्यायला खाली क्लोरोफिल नव्हतं, म्हणून ती लाल उजेड होऊन बाहेर सांडली.

काही जाती तर कुठला उजेड जास्त आहे ते बघून दांडेच बदलतात, हिरव्या उजेडात वाढवलं तर फायकोएरिथ्रिन जास्त बनवतात आणि तांबूस दिसतात, लाल उजेडात वाढवलं तर फायकोसायनिन वाढवून निळसर हिरव्या होतात. आणि कातळावरच्या भर दुपारच्या उन्हासारखं ऊन डोक्यावर आलं तर उलटी पंचाईत, ऊर्जा जास्त होते. त्यासाठी एक नारिंगी रंगाचं छोटं प्रोटीन आहे, जोराच्या उजेडात ते स्वतःचा आकार बदलून लाल होतं, पंख्याच्या गाभ्याला जाऊन चिकटतं आणि येणारी ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. हे नेमकं कुठे चिकटतं याचं बारीक चित्र 2022 मधे मिळालं, पंखा गोठवून त्याचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने असंख्य फोटो काढून, ज्या पद्धतीला 2017 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं तीच ही पद्धत.

आता पंख्याच्या बुडाशी काय आहे तिकडे. तिथे फोटोसिस्टीम दोन. ही मला सगळ्यात जवळची वाटते आणि मी इथे जरा रेंगाळणार आहे.

ही जोडीने असते. दोन अगदी सारखे अर्धे भाग समोरासमोर, फुगडी घालणाऱ्या दोन मुलींसारखे, अर्धी गिरकी घेतली की पहिली दुसरीच्या जागी, चित्र तेच. जोडीची लांबी साधारण 20 नॅनोमीटर. प्रत्येक अर्ध्यात वीसेक प्रोटीन, 35 क्लोरोफिल, 11 बीटा-कॅरोटिन, गाजरातलंच ते. मधोमध दोन प्रोटीन, डी-वन आणि डी-टू, सगळी खरी हातोटी यांच्याच अंगावर, आणि दोन बाजूंना दोन मोठे प्रोटीन, ज्यांच्यात बाकीचे बरेचसे क्लोरोफिल खोचलेले. पंख्यातून आलेली ऊर्जा या बाजूच्या क्लोरोफिलवरून उड्या मारत मधे येते आणि तिथल्या खास क्लोरोफिलमधला एक इलेक्ट्रॉन उडतो, आणि लगेच पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या हातात जातो. एवढ्या झटपट की त्याला परत मागे यायला सवडच मिळत नाही. पुन्हा तेच, बैठक. हेच क्लोरोफिल पान वाटून स्पिरिटमधे काढलं आणि त्यावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली तर ते नुसतं लाल चमकतं आणि संपलं, शेजारी कोणी घेणारा नाही.

इलेक्ट्रॉन गेला म्हणजे मागे खड्डा राहिला. सजीवांमधे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची एवढी ताकद दुसऱ्या कशातच सापडलेली नाही, आणि तो खड्डा भरायला इलेक्ट्रॉन येतो तो पाण्यातून. पाणी ही किती घट्ट वस्तू आहे विचार करा, आपण उकळतो, वाफ करतो, तरी पाणी पाणीच राहतं. ते फोडायचं काम जिथे होतं तो भाग एवढासा आहे, चार मॅंगनीज, एक कॅल्शियम, पाच ऑक्सिजन, बस, दहा अणू. तीन मॅंगनीज, कॅल्शियम आणि चार ऑक्सिजन मिळून एक जरासा वाकडा झालेला ठोकळा आणि चौथा मॅंगनीज बाजूला काढून पाचव्या ऑक्सिजनने त्याला जोडलेला, म्हणून एकंदर आकार वाकड्या खुर्चीसारखा, ठोकळा म्हणजे बैठक आणि बाहेरचा मॅंगनीज म्हणजे पाठ. पाण्याचे चार रेणू त्याला धरून बसलेले, दोन कॅल्शियमला, दोन बाहेरच्या मॅंगनीजला.

ऑक्सिजनचा एक रेणू व्हायला पाण्याचे दोन रेणू फुटावे लागतात आणि चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात, पण उजेडाचा एक कण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उडवतो. मग ही खुर्ची काय करते, तर हिशेब ठेवते. एक गेला, दोन गेले, तीन गेले, चौथा गेला की ऑक्सिजन सोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. 1969 मधे फ्रान्समधे पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या नमुन्यावर उजेडाचे अगदी छोटे झटके एकेक करून मारले, तर ऑक्सिजन सगळ्यात जास्त निघाला तिसऱ्या झटक्याला, आणि तिथून पुढे दर चौथ्या झटक्याला. पहिल्यांदा तिसरा का? याचं उत्तर 1970 मधे बेसेल कॉक यांनी दिलं, की अंधारात ठेवल्यावर यंत्र शून्यावर थांबत नाही, एक पायरी चढलेल्या जागी थांबतं. खुर्ची कोणाला दिसलेली नसताना, नुसते झटके मोजून, आत चार पायऱ्या आहेत हे काढलं! भाचीला हे सांगितलं तर ती बोटांवर परत परत मोजत बसली, आणि मग म्हणाली, बरोबर आहे की.

खुर्ची दिसली कशी याच्यात मात्र गरम पाण्याच्या झऱ्यांचा मोठा वाटा आहे, आणि कोकणातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटायला हवं. आपल्याकडे राजापूरजवळ उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, दापोलीकडे उन्हवरे, कुंडातून गरम पाणी बाहेर वाहत जातं आणि जरा निवतं तिथे दगडावर हिरवट थर धरलेला असतो, बघितला असेल. अशा पाण्यात राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियाचे प्रोटीन घट्ट असतात, साधारण 55 अंशाला त्यांचं आयुष्य मजेत चालतं. प्रोटीनची रचना क्ष-किरणांनी बघायची तर आधी त्याचे खडीसाखरेसारखे स्फटिक जमवावे लागतात, म्हणजे लाखो-करोडो रेणू एकाच पद्धतीने रांगेत. साध्या जातीतून फोटोसिस्टीम काढली तर स्फटिक बनेपर्यंत ती सुटी होऊन जाते. म्हणून लोकांनी जपानमधल्या गरम झऱ्यांतल्या जाती घेतल्या, थर्मोसिनेकोकॉकस त्यांचं नाव. 2001 मधे बर्लिनच्या गटांनी बेप्पूच्या झऱ्यातल्या जातीतून दोन्ही फोटोसिस्टीमची चित्रं दिली, फोटोसिस्टीम एक स्पष्ट, फोटोसिस्टीम दोन जरा धूसर, खुर्चीच्या जागी नुसता एक ठिपका. पुढची दहा वर्षं चित्र सुधारत गेलं, पण क्ष-किरणांनीच मॅंगनीज बिघडतो ही अडचण होती. 2011 मधे ओकायामाचे जिआन-रेन शेन आणि ओसाकाचे नोबुओ कामिया यांच्या गटांनी 0.19 नॅनोमीटरपर्यंत स्पष्ट चित्र काढलं, त्यात खुर्चीचे पाचही ऑक्सिजन दिसले, वर प्रोटीनच्या आतबाहेर हजाराहून जास्त पाण्याचे रेणू कुठे कुठे बसलेत तेही. आपला एक केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड, म्हणजे अंदाज करा.

पुढचा इलेक्ट्रॉनचा प्रवास थोडक्यात सांगते. आगरातला रहाट डोळ्यासमोर आणा. रहाट फिरतो, लोटे भरून पाणी वर येतं, पन्हळीत पडतं, पाटाने उतारावरून जातं. इथे दोन रहाट आहेत. पहिला रहाट फोटोसिस्टीम दोन, उजेडाच्या जोरावर इलेक्ट्रॉन वर उचलते. मग तो उतारावरून येतो, वाटेत एक जोडीचाच प्रोटीन-गट लागतो, सायटोक्रोम बी-सिक्स-एफ, तो त्या उताराचा फायदा घेऊन पापुद्र्याच्या एका बाजूचे हायड्रोजनचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला साठवतो, आणि ते प्रोटॉन परत येताना एक खरोखर गरगर फिरणारं प्रोटीन फिरवतात, त्यातून पेशीचं खर्चाचं नाणं, एटीपी, तयार होतं. हा बी-सिक्स-एफ पण 2003 मधे गरम झऱ्यातल्याच एका सायनोबॅक्टेरियातून दिसला. मग इलेक्ट्रॉन दुसऱ्या रहाटावर. रहाटाची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आगरात पाणी परत विहिरीत मुरतं, इथे इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा परत जात नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायला लागतो.

दुसरा रहाट म्हणजे फोटोसिस्टीम एक, आणि सायनोबॅक्टेरियात ती बहुतेक वेळा तिघी मिळून असते. वरून बघितली तर बेलाचं पान. प्रत्येक पात्यात 12 प्रोटीन आणि 96 क्लोरोफिल, म्हणजे पूर्ण पानात 288, आणि एकेकाची जागा 2001 च्या चित्रात दाखवता येते. मधल्या थोड्याच क्लोरोफिलचं काम इलेक्ट्रॉन पुढे न्यायचं, बाकी सगळे कटोरीसारखे भोवती बसून ऊर्जा आत पाठवणारे. उजेडाचे शंभर कण पकडले तर जवळपास शंभर इलेक्ट्रॉन, इतकं हे अचूक. माणसाने बनवलेल्या कुठल्या यंत्राबद्दल असं म्हणता येईल?

पण याला लोखंड लागतं, एका पात्याला 12 अणू. गडग्याच्या चिऱ्यात लोखंड भरपूर, त्याच्यामुळेच तो लाल, तरी ते गंजलेल्या रूपात बांधलेलं, सहज मिळत नाही. समुद्रात तर लोखंड फार थोडं. लोखंड कमी पडलं की कितीतरी सायनोबॅक्टेरिया फोटोसिस्टीम एक कमी बनवतात आणि जी आहे तिच्याभोवती क्लोरोफिल भरलेल्या एका प्रोटीनच्या 18 नगांचं कडं घालतात, बेलाच्या पानाभोवती गोल बांगडी, म्हणजे पानं कमी झाली तरी एकेक पान जास्त उजेड ओढतं. हेही 2001 सालीच दिसलं, मायक्रोस्कोपखाली. मला ही बांगडी फार सुंदर वाटते.

एक गोष्ट राहिली. पाणी फोडण्याचं काम धोक्याचं आहे, त्यात डी-वन प्रोटीन सारखं खराब होतं, कडक उन्हात तर अर्ध्या तासात बदलावं लागेल इतकं. म्हणून पेशी पूर्ण फोटोसिस्टीम मोडत नाही, जोडी सोडवते, एका बाजूचा भाग बाजूला करते, जुनं डी-वन ओढून काढून कुरतडून टाकते, नवीन घालते, खुर्चीचे अणू परत बसवते, जोडी परत जुळवते. नळे शाकारताना आपण फुटलेलं कौल तेवढं काढून नवं सरकवतो, अख्खं छप्पर उतरवत नाही, तसं. फक्त हे पावसाच्या आधी एकदा नाही, ऊन आहे तोपर्यंत सारखं चालू.

भाचीने शेवटी विचारलं की मग आंब्याच्या पानात पण हेच असतं का. जवळजवळ हेच. फार पूर्वी एक सायनोबॅक्टेरिया दुसऱ्या पेशीच्या आत राहायला गेला आणि तिथलाच झाला, पानातले हिरवे कण म्हणजे त्याचेच वंशज. वाकडी खुर्ची तीच, डी-वन थोड्याफार फरकाने तेच, फुगडीची जोडी तीच. फोटोसिस्टीम एक मात्र पानात एकटी असते, बेलाचं पान होत नाही, तिच्या एका बाजूला वेगळे क्लोरोफिलवाले प्रोटीन लागलेले. आणि निळे पंखे पानाने कधीच सोडून दिले. म्हणून हापूसचं पान वाटून पाण्यात ठेवलं तर स्पिरुलिनासारखं निळं पाणी उतरत नाही. आम्ही तेही करून बघितलं. पाणी मातकट झालं, आंब्याच्या चिकाचा वास आला, निळं काही नाही.